आई, कंसात तीन

माझ्या आईला फोनवर बोलता येतं, पण ऐकू येत नाही. समोर बसून मोठ्यानं बोललं तर तिला सगळं कळतं. तेच बोलणं फोनमधून गेलं की तिच्या कानात नुसती घरघर पोचते. शिबिरात मिळालेलं कानाचं यंत्र तिनं पंधरा दिवस लावलं, मग ते शिट्ट्या मारतं म्हणून डब्यात घातलं आणि पुन्हा काही काढलं नाही. ती अड्याळजवळच्या आमच्या गावात एकटी राहते आणि मी साकोलीत. त्यामुळे आम्हा मायलेकींची सगळी खबरबात रिंगांवर चालायची.

ठरलं होतं ते असं. घरचं आटोपून, जेवून, आई बिड्या वळायला बसली की अकराच्या सुमारास तिनं मला एक रिंग द्यायची. एक रिंग म्हणजे मी बरी आहे. लागोपाठ दोन म्हणजे गोळ्या संपल्यात, सवडीनं ये. लागोपाठ तीन म्हणजे हातातलं टाक आणि निघ. मी उलट एक रिंग द्यायची, म्हणजे तिला कळायचं की निरोप पोचला. फोन कोणी उचलायचा नाही. तिचा फोन साधा, बटणांचा. मांडीवरच्या सुपात, तंबाखूच्या ढिगाशेजारी तो उताणा पडलेला असायचा. माझी रिंग गेली की त्याचा लाइट लागायचा, तो ती बघायची आणि पुढची बिडी वळायला घ्यायची.

"म्याडम, आता बोलणं फुकट झालं, तरी तुम्ही मिस कॉलवरच आहात का?" आमचे हेडमास्तर हसायचे. मी सुरुवातीला कारण सांगायची, मग सांगणं सोडून दिलं. ज्यांच्या आयांना ऐकू येतं त्यांना काय समजावायचं!

माझी शाळा साकोलीहून आत, जंगलाच्या अंगाला आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, हेडमास्तर आणि मी असे दोघेच शिक्षक. माझ्याकडे तेव्हा आईसारखाच बटणांचा फोन होता आणि त्यात पहिल्या कंपनीचं सिम. कंपन्यांची नावं घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण कोणती चांगली हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. या पहिल्या कंपनीची शाळेत रेंज शून्य. संध्याकाळी पाचला बस हायवेला लागली की पर्समध्ये फोन थरथरायचा आणि दिवसभराचे मेसेज धडाधड पडायचे. पण एक होतं. ती कंपनी प्रत्येक मिस कॉलचा वेगळा मेसेज पाठवायची आणि प्रत्येकात वेळ लिहिलेली असायची. अकरा वाजून सात मिनिटं, बारा वाजून दहा मिनिटं, दोन वाजता. मी वाचत जायची आणि मला स्वच्छ कळायचं की आईनं एक रिंग दिली, माझी उलट रिंग आली नाही म्हणून तासाभरानं पुन्हा दिली, मग आणखी एकदा दिली. तीन रिंगा, पण सुट्या. म्हणजे आई बरी आहे, फक्त वैतागली आहे. मी बसमधूनच तिला रिंग द्यायची.

त्या गरीब फोनला आम्ही काय काय नावं ठेवली! घरी तर तो थट्टेचा विषय होता. आज विचारलं तर मी सांगेन की माझ्या हातातून गेलेल्या सगळ्या फोनांमध्ये तोच एक सरळ बोलणारा होता.

पण आईला अकरापासून पाचपर्यंत वाट पाहावी लागते हे काही बरं नव्हतं. माझे यजमान म्हणाले, "कंपनी बदल. फोनही बदल." फोन हा त्यांचा जीव की प्राण विषय. ते तालुक्याच्या कचेरीत कारकून आहेत, पण जेवताना समोर मोबाइल उभा करून दोन फोन शेजारी ठेवून तुलना करणारे व्हिडिओ बघतात. कोणत्या फोनचा कॅमेरा किती, कोणाची बॅटरी किती तास, कोणता तापतो, कोणता पाण्यात पडला तरी चालतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःचा फोन मात्र सहा वर्षं जुना, काच फुटलेला. विचारलं तर म्हणतात, "थांब, पुढच्या महिन्यात याच्यापेक्षा चांगला येऊन राहिला."

तर मी दुसऱ्या कंपनीत गेले आणि पहिला टच फोन घेतला. या कंपनीची रेंज शाळेत यायची, पण एकाच ठिकाणी. चौथीच्या वर्गाची पूर्वेकडची खिडकी. खिडकीच्या कठड्यावर डाव्या कोपऱ्यात फोन ठेवला तर दोन दांड्या, उजव्या कोपऱ्यात ठेवला तर काही नाही. हेडमास्तरांचीही तीच कंपनी, त्यामुळे दोघांचे फोन त्या डाव्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून पडलेले असत. अकरा वाजता रिंग वाजली की मुलं ओरडायची, "म्याडम, तुमच्या आईची एक वाजली!" पाढे म्हणताना अडखळणारी मुलंसुद्धा रिंगा मोजायला चुकत नव्हती. मी उलट रिंग द्यायची. पंधरा-वीस दिवस असे छान गेले. मला वाटलं, सुटला प्रश्न.

मग पावसाळा लागला. वीज गेली की थोड्या वेळानं त्या कंपनीचा टॉवर झोपायचा. तो जागा झाला की मेसेज यायचा. आणि ही कंपनी वेगळे वेगळे मेसेज पाठवत नव्हती. ही सगळ्यांची मोट बांधून एकच मेसेज पाठवायची. या नंबरवरून तीन मिस कॉल. वेळ फक्त शेवटच्या कॉलची.

पहिल्यांदा तो मेसेज आला तेव्हा मला फक्त आकडा दिसला. तीन! हेडमास्तरांना कसंबसं सांगितलं, मिळेल त्या गाडीनं हायवे गाठला, भंडाऱ्याला बस बदलली, अड्याळला उतरून ऑटो केला. अडीच तास मी खिडकीबाहेर बघत होते, पण काय दिसलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. घरात शिरले तर आई ओसरीत बसलेली, दातात दोरा धरून, सुपात बिड्यांचा ढीग.

"काहून आलीस वं?" तिनं दोरा तोडत विचारलं. "शाळा सोडून आलीस का?"

"तीन रिंगा आल्या तुझ्या!" मी ओरडून सांगितलं.

"मी त एकच देली."

"मेसेजमध्ये तीन लिहिलंय, आई!"

"एकच देली. तुही आली नाही, मंग अजून एक देली. मंग अजून एक." ती बोटांवर मोजायला लागली आणि मोजता मोजता तिच्याच लक्षात आलं. "झाल्या खऱ्या तीन. पण एक-एकच होत्या ना त्या."

मी तिच्याशेजारी बसले आणि मला रडू आलं, आनंदाचं की रागाचं ते सांगता येत नाही. आईनं त्या दिवशी वांग्यात झिंगे टाकून भाजी केली आणि मला पोटभर वाढलं. मला वाटतं, चुकून का होईना मधल्या वारी लेक घरी आली याचा तिला मनातून आनंदच झाला होता.

त्याच महिन्यात पुन्हा तसंच झालं. पुन्हा मी धावत गेले, पुन्हा दातात दोरा. तिसऱ्यांदा रजा मागितली तेव्हा हेडमास्तर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, "आईची तब्येत फारच जपावी लागते नाही तुम्हाला?" मी रजेचा अर्ज परत घेतला आणि संध्याकाळी कळलं की त्या दिवशीही आई बरीच होती.

आम्ही मायलेकींनी बसून यावर पुष्कळ डोकं चालवलं. मी म्हटलं, माझी उलट रिंग आली नाही तरी तू दुसरी देऊ नको. ती म्हणाली, "मंग तुले पोचली का नाही, मले कसं समजन?" बरोबर होतं. मी म्हटलं, तातडीचं असेल तर चार रिंगा दे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "गोळ्याच्या दोन देल्या, तुले पोचल्या नाही, अजून दोन देल्या, त चारच झाल्या ना?" मी शाळेत मुलांना गणित शिकवते आणि चौथी शिकलेली माझी आई मला बेरजेत हरवत होती. पाच म्हटलं तर पाचाचंही तेच. कितीही आकडा ठेवला तरी लहान लहान रिंगा मिळून तो आकडा होतोच. शेवटी कंटाळून आम्ही आहे तेच राहू दिलं.

यजमान म्हणाले, "हा रिंगांचा कारभारच बंद करा. आईला टच फोन घेऊन देऊ. व्हिडिओ कॉल करतील, तू दिसशील, हातवारे करशील, ऐकू यायची गरजच नाही." हे ऐकून मला वाटलं, इतकं सोपं आपल्याला सुचलं कसं नाही! आम्ही साकोलीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं काउंटरवर सात-आठ फोन पत्त्यांसारखे मांडले आणि सगळ्यांचं सारखंच कौतुक केलं. मी विचारलं, "म्हाताऱ्या माणसासाठी यातला कोणता चांगला?" तो म्हणाला, "म्याडम, सगळेच चांगले हायेत, तुमाले कोणचा कलर पाहिजे?" यजमानांनी त्याला प्रोसेसरविषयी काहीतरी विचारलं. दुकानदार गडबडला, मग दोघं बराच वेळ बोलत राहिले आणि शेवटी रंग बघूनच निळा फोन घेतला.

आईनं तो दोन्ही हातांनी घेतला, पुसला, बघितला. मी हिरव्या खुणेवर बोट ठेवून दाखवलं. तिनं बोट ठेवलं, काही झालं नाही. जोरात दाबलं, काही नाही. आम्हाला वाटलं फोन बिघडला. मी लावलं तर लगेच चालायचं, आईनं लावलं की ढिम्म. मग उमगलं की त्यात फोनाचा दोष नव्हता. चाळीस वर्षं तेंदूपान कापून, ओलं पान बोटांत फिरवून, टोक खुपसून तिच्या बोटांची पेरं गुळगुळीत आणि टणक झालेली. रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा चार-चारदा पुसून लावावा लागतो, हे मला माहीत होतं. पण तो फोन तिचं बोट बोट म्हणून ओळखणारच नाही, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

आईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. ती बोटाचं हाड वाकवून, दार वाजवल्यासारखं काचेवर वाजवायला लागली. कधी चालायचं, कधी नाही. व्हिडिओ कॉल लागला की मला आढ्याचे वासे दिसायचे आणि तिला माझं कपाळ. चौथ्या दिवशी तिनं फोन स्वच्छ फडक्यात बांधून पेटीत ठेवला. "चांगला हाये. पोराच्या लग्नात काढू," म्हणाली. आमचा मुलगा तेव्हा दहावीत होता. सुपात पुन्हा जुना बटणांचा फोन येऊन पडला.

मग तिसरी कंपनी आली. तिचा नवा टॉवर शाळेच्या गावातच उभा राहिला आणि एक आईच्या गावाजवळही. दोघींची सिमं बदलून घेतली. यजमानांनी वर्षभर अभ्यास करून मला नवा फोन घेऊन दिला. आता रेंजची काळजीच नाही. खिडकीत, फळ्याजवळ, खिचडीच्या शेडमध्ये, कुठंही उभं राहा, सगळ्या दांड्या भरलेल्या. हे एवढं चांगलं झालं की माझा विश्वासच बसेना.

पण त्याच सुमाराला वर्गात फोन वाजता कामा नये अशी ताकीद आली. वाजवीच होती. फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवायचा आणि एक वाजता, मधल्या सुट्टीत काढायचा. आता कंपनीच्या मेसेजची गरज नव्हती, कारण कॉल फोनपर्यंत येतच होते. पण हा नवा फोन एकाच माणसाचे कॉल वेगळे दाखवत नाही. तो एकाच ओळीत लिहितो, आई, आणि पुढे कंसात आकडा. त्या ओळीवर बोट दाबलं की आत प्रत्येक कॉलची वेळ दिसते.

सुरुवातीला मी रोज बोट दाबून बघायची. अकरा, बारा, पाऊण. म्हणजे एक-एकच्या तीन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आई माझ्या उत्तराची वाट बघत एक-एक रिंग देत राहायची आणि माझ्या फोनवर एक वाजता लिहिलेलं असायचं, आई, कंसात तीन. कधी कंसात दोन. मी बघायची, एक उलट रिंग द्यायची, आणि पोरांच्या ताटांकडे लक्ष द्यायला जायची. हळूहळू मी बोट दाबायचं सोडलं. कधीपासून ते सांगता येणार नाही. आईची एवढी काळजी करणारी मी, असं मी स्वतःलाच समजत होते, आणि एवढं एक बोट मला जड झालं.

तो गुरुवार होता. धानाची रोपं रोवण्याचे दिवस, वर्गात निम्मी मुलं नव्हती. एक वाजता फोन काढला. आई, कंसात तीन. दांड्या भरलेल्या. मी उभ्याउभ्याच एक रिंग दिली, फोन पर्समध्ये टाकला आणि खिचडीत मीठ कमी आहे म्हणून वाढणाऱ्या बाईशी वाद घालायला गेले. शुक्रवारी आईची एक रिंग आली. शनिवारी एक. माझ्या हिशेबानं सगळं ठीक होतं.

रविवारी मी गावी गेले तेव्हा आईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

गुरुवारी अंगणात, भांडी घासायच्या दगडाजवळ शेवाळावरून तिचा पाय घसरला होता. हातावर पडली, मनगट मोडलं. चार वाजता शेजारची काकी तिला ऑटोत घालून अड्याळच्या दवाखान्यात घेऊन गेली. आईनं हे मला अशा सुरात सांगितलं, जणू दुसऱ्या कोणाचं तरी सांगते आहे. मी तिथंच फोन काढला आणि त्या ओळीवर बोट दाबलं. अकरा वीस, अकरा एकवीस, अकरा बावीस. लागोपाठ.

"तीन देल्या होत्या मीनं," आई म्हणाली.

मी मान हलवली.

"रेंज नसन," तीच म्हणाली.

आणि मी पुन्हा मान हलवली. एवढंच केलं मी. खोटं बोलले असं म्हणता येणार नाही, कारण मी बोललेच नाही. पण ती मान हलली होती.

तिला साकोलीला चल म्हटलं तर ती येईना, म्हणून मी आठ दिवस रजा काढून तिथंच राहिले. त्या आठ दिवसांत मला कळलं की आईच्या गल्लीत सगळे त्या तिसऱ्या कंपनीला शिव्या घालत आहेत. काकीचं तोंड तर सुरूच होतं.

"लय बेकार कंपनी हाये ती, बाई," ती मला म्हणाली. "माह्या पोराले सांगतलं मी, बदलून टाक म्हटलं. खोट्या रिंगा देते ती."

"खोट्या रिंगा?" मी विचारलं.

"हो ना! कोणी करत नाही अन् आपली वाजते. तुह्या मायनंच सांगतलं."

मला काही अर्थबोध झाला नाही. फोनविषयी लोक काय काय बोलतात, त्यातलंच हे असेल असं मी धरून चालले. पण विहारात वर्षावासाचं वाचन ऐकायला गेले तेव्हा तिथंही दोघी-तिघींनी विचारलं, "आता कोणती कंपनी घ्यावं, म्याडम?" चार घरांनी त्या आठवड्यात सिमं बदलली. ज्या कंपनीनं त्या दिवशी आपलं काम चोख केलं होतं, एकेक रिंग मिनिटामिनिटाला माझ्या पर्सपर्यंत आणून पोचवली होती, तिचं गल्लीतून बस्तान उठत होतं, आणि मी आसनावर बसून खाली बघत होते. मी मास्तरीण. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगते.

मी साकोलीला परतले तरी ती बोचणी गेली नाही. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "दुसरा फोन घेऊ, त्यात कॉल वेगळे दिसतात." मी त्यांच्याकडे इतक्या रागानं बघितलं की त्यांनी व्हिडिओ बंद केला. मला त्यांचाही राग नव्हता खरं तर. कोणाचा होता ते समजत नव्हतं. कधी वाटायचं, चूक आईची आहे, ती पुन्हा पुन्हा रिंग देते म्हणून. कधी वाटायचं, फोन बनवणाऱ्याची आहे, त्यानं सगळ्या रिंगा एका कंसात कोंबल्या म्हणून. सगळ्यांची चूक मोजून झाली की मधल्या सुट्टीतलं ते एक मिनिट उरायचं, दांड्या भरलेलं.

दीड महिन्यानं प्लास्टर काढलं. मी तिला दवाखान्यातून घरी आणलं. हात बारीक झाला होता, कातडी सोललेली. ती ओसरीत बसून बोटं उघडून-मिटून बघत होती. मग म्हणाली, "बाई, माहीही कंपनी बदलून दे. सगळ्यायनं बदलली."

आता सांगायचं असं मी ठरवलं. पण माझ्या आईला काही कानात सांगता येत नाही. तिला सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि आमच्या अंगणात ओरडलं की गल्लीला ऐकू जातं. पलीकडे काकी धान पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज येत होता. मी कागदावर लिहून द्यावं का असाही विचार केला. मग मला स्वतःचीच चीड आली.

"आई, कंपनीची चूक नाही!" मी ओरडले. "रेंज होती!"

"काय?"

"रेंज होती त्या दिवशी! तुझ्या तिन्ही रिंगा मला आल्या होत्या! मी पाहिल्या! मीच आले नाही!"

पलीकडचा सुपाचा आवाज थांबला. आईनं माझ्याकडे बघितलं. ऐकू येत नसल्यामुळं ती नेहमी चढ्या आवाजात बोलते, पण त्या वेळी इतकं हळू बोलली की मलाच पुढे वाकावं लागलं.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "तुही रिंग आली होती ना. फोन हातातच होता माह्या, लाइट लागला त्याचा."

ती तशीच हळू बोलत राहिली.

"काकी साडेअकरालेच आली होती. चाल म्हणे दवाखान्यात. मी म्हटलं, थांब, तिले तीन देल्या हायेत. मंग एक वाजता तुही आली. मी म्हटलं, निघाली बाई माही, आता अडीच तासात येते, तिच्यासंगंच जाऊ." तिनं बारीक झालेला हात दुसऱ्या हातानं चोळला. "चार वाजले, तरी तू आली नाही. काकी म्हणे, रिंग त आली होती ना तिची? मी म्हटलं, खोटी होती वं ती. कंपनीच देते तशा."

"आई, तू..."

"मंग लोकायले काय सांगू?" ती म्हणाली. "माह्या पोरीले समजलं, तरी ते आली नाही म्हणून?"